पॅचदादा

कार्यक्रम संध्याकाळी सातचा असला तर पॅचदादा चारलाच हजर असतो. मंडपात तेव्हा खुर्च्या मांडणारी पोरं आणि माइकवाला, एवढेच असतात. पॅचदादा चपला स्टेजखाली काढतो, फळीला हात लावून नमस्कार करतो आणि पुढे अर्धा तास कुणाशी बोलत नाही. आधी जमिनीवर मल्टीइफेक्ट, म्हणजे गिटारचे आवाज बदलणारं यंत्र, मग माइकच्या स्टँडला क्लॅम्प, क्लॅम्पमध्ये टॅबलेट, टॅबलेटमधून एक वायर, वायरीला एक डबी, डबीतून आणखी एक वायर. गिटार सगळ्यात शेवटी बाहेर निघते.

खरं नाव बँकेच्या पगारपत्रकावर आहे, तिथेच ते राहू दे. आमच्या ऑर्केस्ट्रात तो पॅचदादा, आणि मी तिथला निवेदक. गाणी त्याला नावाने आठवत नाहीत, पॅचच्या, म्हणजे त्या यंत्रात साठवलेल्या आवाजाच्या, नंबराने आठवतात. "आज एकोणचाळीसनंतर थेट बहात्तर घेऊ, ताईंचा घसा बसलाय," असं तो म्हणतो (ताई म्हणजे आमच्या गायिका) आणि आम्ही माना डोलावतो. एकोणचाळीस म्हणजे कोळीगीत की कव्वाली, हे विचारण्याची सोय नाही. विचारलं तर तो टॅबलेटच उघडून दाखवतो.

हा जन्मजात असा नव्हता. आधी त्याच्याकडेही चारचौघांसारखे पेडल होते: केशरी डिस्टॉर्शन, निळा कोरस, एक डिले, एक वा-वा. आमच्याकडे स्टेजवर चपला घालत नाहीत, त्यामुळे ही सगळी बटणं तो अनवाणी दाबायचा. उजव्या अंगठ्याला घट्टा पडला होता. गोची अशी, की सिनेमाच्या रेकॉर्डिंगला एका गाण्यात दोन-तीन गिटारवाले बसत. संगीतकार पंचमकडे भानू गुप्ता, भूपिंदर, रमेश अय्यर अशी एकाहून एक मंडळी वाजवायची. त्या सगळ्यांचं काम स्टेजवर एकट्या पॅचदादाने करायचं. मुखड्याला झुळझुळीत कोरस, अंतरा सुरू होताना कोरस बंद, डिस्टॉर्शन चालू, डिले चालू, आणि हे तिन्ही समेवर. माणसाला अंगठे दोनच. त्यातला एक टेकून उभं राहायला लागतो.

मग कुणीतरी त्याला मिडी दाखवलं.

तेव्हापासून भेटेल त्याला तो ती कथा सांगतो. चहा आणणाऱ्या पोरालाही सांगून झाली आहे. "अमेरिकेचा डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँडचे काकेहाशी. त्यांनी ठरवलं, सगळ्या वाद्यांची भाषा एक करायची. जानेवारी १९८३. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका वायरीने जोडले, एकावर बोट ठेवलं आणि दुसरा वाजला! अरे, एकमेकांच्या धंद्यावर उठलेल्या कंपन्या या, आणि एका वायरीवर एकत्र आल्या." यावर आमचा ढोलकीवाला दर वेळी म्हणतो, "इथे एका गल्लीतली दोन मंडळं एका गणपतीवर एकत्र येत नाहीत." पॅचदादाला हे आवडत नाही. कथेचा मुख्य भाग अजून यायचा असतो. तो असा, की या वायरीतून आवाज जातच नाही, नुसते आकडे जातात. टॅबलेटवर गाण्याचं पान उघडलं की आकडा निघतो आणि खाली मल्टीइफेक्ट त्या नंबराचा पॅच लावतो. "पोस्टमन गाणं म्हणतो का? तो फक्त पत्र टाकतो," असं म्हणून तो थांबतो आणि आपल्या चेहऱ्याकडे बघतो.

पत्र कधी कधी शेजारच्या घरात पडतं. मिडीचे आकडे शून्य ते १२७. काही यंत्रं पहिल्या पॅचला शून्य म्हणतात, काही एक म्हणतात, त्यामुळे सगळं एका घराने सरकतं. अशाच एका संध्याकाळी मी चंद्र, अंगण, आईची कूस वगैरे करून हळुवार अंगाईची पार्श्वभूमी तयार केली, ताईंनी डोळे मिटले, आणि पॅचदादाच्या गिटारमधून पुढच्या गाण्याचं डिस्टॉर्शन फुटलं. पहिल्या रांगेत आईच्या मांडीवर झोपलेलं मूल दचकून उठलं आणि भोकाड पसरून रडायला लागलं. मध्यंतरात पॅचदादा माझ्याकडे आला, "कळलं! ते शून्यापासून मोजतंय!" त्याचा चेहरा उजळला होता. ताई त्याच्याशी रविवारपर्यंत बोलल्या नाहीत.

पहिल्या प्रयोगात गाणं सुरू करताना एकदाच पान उघडायचं, एवढंच होतं. तेवढ्यावर थांबला असता तर हा लेख झाला नसता. पुढे त्याला हवं झालं की गाण्याच्या आतले बदलही आपोआप व्हावेत. कानात टिकटिक, टॅबलेटवर रेघ सरकते आहे, रेघ खुणेवर आली की आवाज बदलतो, पाय मोकळे. परदेशी बँडचे व्हिडिओ तो मला दाखवायचा. गिटारवाला स्टेजभर पळतोय आणि आवाज आपले बदलताहेत. पॅचदादा पळणार कुठे हे मला कळलं नाही. आमच्या स्टेजवर ढोलकी, ऑक्टोपॅड, दोन कीबोर्ड, पाच समया आणि हार घातलेल्या फोटोचं स्टूल असतं.

पण खरी अडचण जागेची नव्हती. टिकटिक सगळ्यांनी पाळायला हवी. ढोलकीवाल्याने साफ सांगितलं, "तुझ्या कानात कोण बोलतंय ते मला काय माहीत? मी ताईंच्या ओठांकडे बघून वाजवतो." आणि ताई म्हणजे ताई. आलाप मनात आला की घेतात. समोर कुणी मान डोलावली की ती ओळ पुन्हा. लावणीला तर वन्स मोअर मधूनच येतो, शिट्ट्यांसकट. पॅचदादा प्रत्येक कार्यक्रमाआधी हात जोडून सांगायचा, "ताई, स्ट्रक्चर तेवढं बदलू नका." ताई म्हणायच्या, "नाही हो दादा." आणि स्टेजवर गेल्या की विसरायच्या. सरकणारी रेघ सोलोला पोचलेली, ताई अजून पहिल्याच अंतऱ्यात, आणि पॅचदादा टॅबलेटकडे बघून पुटपुटतोय, "अहो, या, या, लवकर या..."

यावर कळस गणेशोत्सवात झाला. गाणं रंगात आलं असताना प्रमुख पाहुणे आले. गाणं थांबलं. शाल, श्रीफळ, अध्यक्षांचे दोन शब्द (दोन शब्द म्हणजे किती, ते मराठी माणसाला सांगायला नको). टॅबलेटला यातलं कुणी काही सांगितलं नव्हतं. तो आपला पुढचे पॅच लावत राहिला. पाहुण्यांच्या खांद्यावर शाल पडली त्याच क्षणी पॅचदादाचा हात तारांना लागला आणि वा-वा कण्हला. पाहुण्यांनी वळून पाहिलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

दुसरा कुणी असता तर टॅबलेट विकून मोकळा झाला असता. पॅचदादाने रजा टाकली. पुण्याच्या तपकीर गल्लीतून पाच पिनांचा प्लग आणि ब्लूटूथऐवजी पक्की वायर आणली, कारण मंडपात हजार मोबाइल असतात. सरकणारी रेघ काढून टाकली. आता एकच पायबटण: दाबलं की गाण्याचा पुढचा टप्पा. आलाप कितीही लांबो, टप्पा थांबून राहतो. सगळे टप्पे एकाच पॅचच्या आत, म्हणजे बदलताना आवाजाची शेपटी तुटत नाही. (ही शेपटी त्याचा दुखरा विषय आहे, विचारू नका.) शिवाय टॅबलेटवर दोन मोठी बटणं केली. एकावर लिहिलंय 'सत्कार'. ते दाबलं की स्वच्छ आवाज, थोडा रिव्हर्ब, नारळ हातात पडेपर्यंत वाजवत राहावं असा. दुसऱ्यावर 'भैरवी'. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो. पावणेदहाला चौकीतले हवालदार मंडपाच्या कमानीत दिसले की मधली सगळी गाणी ओलांडून पॅचदादा एका बोटात भैरवीवर पोचतो. आमचे बाकीचे वादक तेव्हा वह्यांची पानं उलटत असतात. हे मात्र मान्य करायलाच हवं.

वहिनींचं मत वेगळं आहे. "स्टेजवर सगळं आपोआप," त्या म्हणतात, "आणि घरी गीझर बंद करायला तीनदा सांगावं लागतं."

मागच्या मे महिन्यात मैदानावर कार्यक्रम होता. उन्हात ठेवलेला टॅबलेट इतका तापला की त्याने गरम झाल्याची पाटी दाखवून काम थांबवलं. पॅचदादाने सगळा कार्यक्रम एका साध्या आवाजावर काढला, गिटारवरचा व्हॉल्यूम कमीजास्त करत. नजर वर होती, ताईंकडे. ताई उतरताना म्हणाल्या, "दादा, आज काय गोड वाजवलंत!" त्याने त्या रात्री घरी जाऊन तोच आवाज मल्टीइफेक्टमध्ये जसाच्या तसा बसवला आणि त्याला नंबर दिला: एकशे एक. आता तो साधा आवाजही टॅबलेटने आकडा पाठवल्यावरच येतो.

तुमच्या मंडळात यंदा गाण्यांचा कार्यक्रम असेल तर त्याला जरूर बोलवा, तो मनापासून वाजवतो. फक्त स्टेजवर नीट अर्थिंग असलेला वेगळा प्लग पॉइंट द्या, त्यावर लाइटिंगच्या माळा जोडू नका, आणि प्रमुख पाहुण्यांना गाणं संपल्यावर यायला सांगा.