जावयांसाठी गरवण्याचे प्राथमिक धडे

मासे पकडायला शिकण्याची इच्छा माणसाला बहुधा मासे खाताना होते. मालवणात सासुरवाडीच्या पडवीत, ताटात तळलेला बांगडा असताना, मी बोलून गेलो की एकदा होडीतून जाऊन स्वतः मासा धरायला हवा. सासूबाईंनी बायकोकडे पाहिले. बायकोने आढ्याकडे पाहिले. बायकोच्या काकांची स्वतःची होडी आहे. त्यांनी ताटातून मान वर न काढता विचारले, "पोवूक येता?"

येते म्हणालो.

"मगे बरा. बुडाक वेळ लागतलो."

त्यानंतर तीन सुट्ट्या मी काकांच्या हाताखाली काढल्या. गळ टाकून मासे धरण्याला तिकडे गरवणे म्हणतात. त्या तीन सुट्ट्यांत गोळा झालेली विद्या नवशिक्यांच्या सोयीसाठी इथे देत आहे. ज्यांची सासुरवाडी कोकणात नाही त्यांनाही ती लागू पडेल, मात्र त्यांना बोलणी एकेरीत खावी लागतील. आम्हा जावयांना ती आदरार्थी बहुवचनात मिळतात.

साहित्य

नवशिक्याने शहरातून कार्बनची काठी, चकचकीत रीळ, बारा खिशांचे जाकीट आणि प्लास्टिकचे रंगीत मासे विकत आणावेत. या खरेदीचा फायदा असा, की धक्क्यावरच्या पोरांची दोन दिवस करमणूक होते. तिसऱ्या दिवशी सगळे माळ्यावर ठेवून काकांचे साहित्य पाहावे. पाण्याच्या रिकाम्या बाटलीवर गुंडाळलेला तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, टोकाला शिशाचे वजन, त्याच्या वर हातभर अंतराने दोन गऱ्या, आणि आमिषाला कोळंबी नाहीतर बांगड्याचे तुकडे. संपले. काठीचे काम तर्जनी करते. तंगूस तिच्यावरून सोडलेला असतो आणि खाली दहा वाव पाण्यात काय चालले आहे ते बोटाला कळते, असे काका म्हणतात. माझ्या बोटाला पहिले दोन दिवस फक्त ते कापल्याचे कळले. तंगूस हाताला गुंडाळून धरू नये. मोठा मासा ओढायला लागला की तंगूस मासळी आणि बोट यांत फरक करत नाही.

गरी बांधण्याची गाठ मात्र मला पहिल्याच दिवशी आली. तंगूस गरीच्या डोळ्यातून ओवायचा, त्याच्याच अंगाभोवती पाचसहा वेढे द्यायचे, टोक डोळ्याजवळच्या फासातून काढायचे आणि आवळण्यापूर्वी गाठीवर थुंकायचे. थुंकी कशाला? कोरडा तंगूस आवळताना स्वतःवरच घासून तापतो आणि नेमका तिथेच कमजोर होतो. नंतर मासा ओढतो तेव्हा तिथेच तुटतो. बाकी कशात नाही तरी थुंकण्यात मी तरबेज निघालो.

"गरी माशाच्या तोंडात जावक व्हयी, तुमच्या बोटात न्हय," हे वाक्य या धड्यात तीनदा आले. गरीच्या टोकाला मागे वळलेला काटा असतो, त्यामुळे ती आत जाते तितक्या सहज बाहेर येत नाही. माशाच्या दृष्टीने हे वाईट आहे, आणि जावयाच्याही.

तिथी

नवशिक्या रविवार बघून येतो. समुद्र तिथी बघतो. दोघांचे जमले तर मासे मिळतात.

तिथीवरून भरतीची वेळ काढायचे सूत्र किनाऱ्यावर शाळकरी पोरालाही येते: तिथीच्या आकड्याला तीनने गुणा, चारने भागा. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि बारा तासांहून थोड्या जास्त वेळाने पुन्हा. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, सूत्र तेच. रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते, कारण चंद्र सरकतो. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन पाणी ओढतात, ते उधाण. अष्टमीच्या आसपास ते आपापल्या दिशेने ओढतात आणि पाणी आळसावते, तो भांग. मुंबईत उधाणाचे पाणी पाच मीटरच्या घरात चढते, मालवणात त्याच्या निम्म्याच्या आसपास. मी हा सगळा हिशोब मोबाईलवर करून काकांना वेळ सांगितली. ते पुळणीवरच्या ओल्या रेघेकडे बघून आधीच होडीकडे निघाले होते.

खाडीच्या तोंडावर हे सूत्र जिवाशी गाठ घालते. ओहोटीचे पाणी खाडीतून जोरात बाहेर पडत असते आणि समोरून लाट येत असते. दोघे भिडले की लाट उभी राहते आणि फुटते, आणि लहान होडीला नेमके तिथूनच आत यायचे असते. एकदा कर्ली नदीच्या मुखाबाहेर आम्ही पाणी फिरायची वाट बघत तास-दीड तास नुसते डुलत राहिलो. घरी फोन करून जेवायला उशीर होईल म्हणून कळवावे का, असे मी विचारले. काकांनी उत्तर दिले नाही. त्यांचे लक्ष तिसऱ्या लाटेकडे होते.

वाऱ्याचा धडा तुम्ही शाळेत भूगोलात दोन गुणांसाठी केलेला आहे. पहाटे जमीन गार असते, म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून येतो, तो खारा. शिडाच्या काळात पहाटेचा वारा होडी बाहेर नेत असे आणि दुपारचा घरी आणून सोडत असे. आता काकांच्या होडीला मागे इंजिन आहे. उठवतात मात्र पहाटे साडेचारलाच.

आणि १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिकी नौकांना मासेमारीची बंदी असते. ते माशांच्या विणीचे दिवस, शिवाय समुद्रही खवळलेला. नवशिक्याने या बंदीचे मनापासून पालन करावे. पुढे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला जातो. तो त्याला आवडला की नाही, हे काका आणखी दोन दिवस बघतात. "आज जावचा नाय" हे या विद्येतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. कारण विचारल्यास ते पुन्हा, जरा सावकाश, म्हटले जाते.

होडीत बसणे

आमची होडी अरुंद आहे आणि तिच्या एका अंगाला उलांडी आहे, म्हणजे आडव्या दांड्यांना बांधलेला, पाण्यावर टेकणारा लाकडी ओंडका. होडीला हा आधार असतो. तो आपल्यालाही आहे, असा नवशिक्याचा समज होतो आणि तो फोटोसाठी उभा राहतो.

"जावयबापूनू, बसान रवा. माका हिच्या आवशीक तोंड दाखवूचा आसा."

बसावे. बसून पाणी उपसावे. त्यासाठी अर्धे कापलेले तेलाचे डबडे असते. पहिल्या सुट्टीत माझे शिक्षण मुख्यतः याच विषयात झाले, आणि मी त्यात नैपुण्य मिळवले असे काकांनी चारचौघांत सांगितले आहे.

मळमळीबद्दल पुस्तकांत बरेच असते. त्यातले खरे इतकेच, की नजर दूरच्या किनाऱ्यावर किंवा क्षितिजावर ठेवावी, उपाशी जाऊ नये, तुडुंब खाऊनही जाऊ नये, आणि खिशात आल्याची वडी असावी. अडचण अशी, की आमिष लावायला मान खाली घालावीच लागते. माझ्यावर वेळ आली तेव्हा काकांनी तोंड दुसरीकडे वळवले आणि बराच वेळ किल्ल्याकडे बघत राहिले. समुद्रावर जावयाचा मान असा राखतात.

जागा

समुद्राला गल्ल्या नसतात, पण काकांना पत्ते पाठ आहेत. खाली कुठे खडप, म्हणजे बुडालेला खडक, आहे, ते किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून ओळखतात. एका बाजूला देवळाचा कळस अमुक माडावर आला पाहिजे आणि दुसऱ्या बाजूला किल्ल्याचा बुरूज मागच्या डोंगराच्या खळग्यात बसला पाहिजे. दोन रेघा जिथे छेदतात तिथे नांगर. होडी दोन वाव सरकली तरी खाली वाळू लागते आणि मासे वेगळे. मी वहीत ते लिहून घेतले. पुढच्या वर्षी आलो तर तो माड वादळात पडला होता. काकांनी शेजारचा माड धरला आणि दोन वाव अलीकडे थांबले. मी हळूच मोबाईलवर त्या जागेची खूण करायला गेलो, तेव्हा त्यांनी हात पुढे करून तो मागून घेतला आणि डब्यात ठेवला.

"जावय झालात म्हणान काय झाला?"

मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. काकांच्या जागा त्याच्याबाहेरच्या. त्याहून अधिक माहिती मलाही देण्यात आलेली नाही.

मासा

नवशिक्याला पापलेट हवे असते. २०२३ मध्ये ते महाराष्ट्राचा राज्यमासा झाले, त्यामुळे हाव आणखी वाढली. पण पापलेट गरीला सहसा लागत नाही. त्याचे तोंड लहान, आणि त्याला आवड जेलीफिशसारख्या मऊ वस्तूंची आणि पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जिवांची. ते जाळ्यात येते. तुमच्या कोळंबीच्या तुकड्याकडे ते बघतही नसावे. राज्यमाशाचा नाद सोडावा.

वाळूवर मुडदुशे मिळते. ते आमिषाला बारीक टिचक्या मारते. खडपात तांबोशी आणि गोबरा असतात. गोबरा टिचक्या मारत बसत नाही, आमिष घेतो आणि थेट आपल्या बिळात शिरतो. त्याला पहिल्या झटक्यात वर ओढला नाही, तर तो आत गाल फुगवून बसतो आणि तुम्ही वर बसता. शिंगाळा कुठेही, न बोलावता येतो. त्याच्या पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन असे तीन विषारी काटे असतात. टोचला तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा, कारण ते विष उष्णतेने निकामी होत जाते. मग दवाखाना. केंड वर येताच रागाने फुगतो. तो खायचा नसतो, विषारी असतो. शिवाय दातांनी तंगूस कापतो, म्हणजे येता-जाता दोन्हीकडून नुकसान.

माझी कामगिरी क्रमाने अशी. पहिल्यांदा जोराची ओढ लागली, मी ओरडलो, सगळ्या अंगाने ओढले, होडी कलली. "मासो न्हय तो, खडप आसा," काका म्हणाले आणि त्यांनी तंगूस कापला. दुसऱ्यांदा केंड. तिसऱ्यांदा केंड, मला वाटते तोच. दुसऱ्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी एक मुडदुशे आले. माझ्या मधल्या बोटाएवढे. सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे, पापलेटसाठी १३५ मिलिमीटर, हे मला पाठ होते. मुडदुशाचा आकडा आठवत मी त्याला हातात तोलत होतो. काकांनी एकदाच पाहिले.

"ह्यो अजून शाळेत जाता. सोडा तेका."

सोडले.

परतणे

तिसऱ्या सुट्टीत, परवाच, आम्ही आलो तेव्हा पाटीत दोन तांबोश्या, एक गोबरा आणि चारपाच मुडदुशी होती. सगळी काकांची. मी चार तास उपसले होते. घरी सासूबाईंनी पाटी पाहिली आणि कोणी काय धरले ते विचारले. काकांनी मोठ्या तांबोशीकडे बोट केले आणि मग माझ्याकडे. मी काही बोललो नाही. दुपारी तिचे मधले तुकडे माझ्या ताटात आले, शेपटीकडचा काकांनी घेतला.

नवशिक्यांना एकच विनंती. लाइफ जॅकेट घरून स्वतःचे आणा. होडीत एकच असते, आणि ते जावयाला देतात.