लोडकाका

कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, हातात आला की लोडकाका तो आधी वाचत नाहीत, तोलतात. तळहातावर दोनदा वर-खाली करतात आणि निकाल देतात, "डबा आहे." डबा म्हणजे आत तांबं कमी, हवा जास्त. मग चष्मा कपाळावर चढवून बाजूचं लेबल डोळ्यांजवळ नेतात. तिथे '४५० वॅट' असं जाड अक्षरांत छापलेलं असतं. काका त्यावर अंगठा ठेवतात आणि खालचे बारीक आकडे वाचायला लागतात.

हडपसरला असा माणूस दर दोन-चार सोसायट्यांआड सापडतो. इंडस्ट्रियल इस्टेटीतल्या एखाद्या कारखान्यात जन्मभर मेंटेनन्स केलेला असतो. रिटायर होताना वायरीतला करंट मोजणारा टाँग टेस्टर घरी आलेला असतो. तो कंपनीने प्रेमाने दिला की परत द्यायचा राहून गेला, हे विचारायचं नसतं. गणपतीच्या मांडवाचा लोड यांनीच काढायचा, लिफ्टच्या मोटरचा यांनीच, आणि लग्नघरी तीन कुलर एका बोर्डावर लावणाऱ्या मामाला चारचौघांत झापायचं तेही यांनीच. अलीकडे मात्र यांच्या दारात वेगळंच गिऱ्हाईक उभं असतं. बगलेत सीपीयू, पाठीवरच्या सॅकमध्ये बबल रॅपमध्ये गुंडाळलेलं जुनं ग्राफिक्स कार्ड, आणि चेहऱ्यावर पास झाल्याचा आनंद. निकाल अजून लागायचा असतो, हे पोराला माहीत नसतं.

ही कार्डं आली कुठून? १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली, आणि ग्राफिक्स कार्डं रात्रंदिवस तापवून त्याची नाणी काढण्याचा, म्हणजे मायनिंगचा, जगभरचा धंदा एका दिवसात बसला. बेकार झालेली कार्डं बाजारात उतरली. त्यात भर घरगुती कार्डांची. मगरपट्ट्यात एखाद्या आयटीवाल्याला मूल होतं, गेमिंगची खोली पाळण्याला जाते, आणि अकराव्या मजल्यावरून कार्ड खाली उतरतं ते ससाणेनगर किंवा भेकराईनगरच्या जिन्याने वर चढतं. सौदा गाडीतळाला, पुलाखाली. तिथे प्लग नसतो, त्यामुळे कार्ड तपासायचं म्हणजे ते पुसलेलं आहे का एवढंच बघायचं. विकणारा शपथेवर सांगतो, "मायनिंगचं नाही." माझं कार्ड मायनिंगचं होतं असं कबूल करणारा विक्रेता अजून हडपसरला जन्माला यायचाय.

काकांचा पहिला प्रश्न कार्डाविषयी नसतोच.

"घरी काय सांगितलंस?"

"प्रोजेक्टसाठी पाहिजे म्हणून."

"आणि किंमत?"

पोरगं जिन्याकडे बघतं. साडेआठ हजारांचं कार्ड घरी पाच हजारांचं झालेलं असतं. सप्लायवर छापलेला आकडा खऱ्यापेक्षा मोठा असतो आणि घरी सांगितलेला खऱ्यापेक्षा लहान, हे काकांना पाठ आहे. दोन्ही ठिकाणी ते मनातल्या मनात दुरुस्ती करून पुढे जातात.

मग पाठकोऱ्या लग्नपत्रिकेवर हिशेब सुरू होतो. कार्ड आरएक्स ५८०, २०१७ चं, खाणार १८५ वॅट. "ही वीज सगळी बाराच्या लाइनवरून येते. तुझ्या डब्यात बाराच्या लाइनला किती अँपिअर लिहिलेत? सोळा. बारा सोळं किती?" पोरगं मोबाइल काढतं. काका तो हातानेच खाली करतात. "एकशे ब्याण्णव. त्यातनं एकशे पंच्याऐंशी गेले. उरले सात. सात वॅटवर तुझा प्रोसेसर चालणार होय रे? एलईडीचा दिवा लागतो सात वॅटवर. तोही संडासातला."

"पण काका, साडेचारशे लिहिलंय ना."

"त्यात पाच व्होल्टची लाइन धरलीय, तीन पॉइंट तीनची धरलीय. तिथं तुझ्या कार्डाचं काही काम नाही. आणि एवढं करूनही बेरीज जमेना, तेव्हा छापणाऱ्याने मन मोठं केलंय."

पोराचा शेवटचा बचाव तयार असतो: कंपनीच्या साइटवर या कार्डाला ५०० वॅटचा सप्लाय सांगितलाय, म्हणजे पन्नासचीच तर कसर आहे. इथे काका खुर्चीत मागे रेलतात. "कंपनीच्या आकड्यावर जाऊ नकोस. तिला ठाऊक असतं तू असलाच डबा लावणार आहेस, म्हणून ती आधीच वाढवून सांगते. चांगला सप्लाय असेल तर कमीतही भागतं. हिशेब आपण करायचा." वाक्य खरं आहे. ते आपल्याला किती महागात पडणार आहे, याची काकांना त्या वेळी कल्पना नसते.

त्यांचा खरा राग कन्व्हर्टरवर. या सप्लायला कार्डाची आठ पिनांची वायरच नसते. मग पोरं हार्ड डिस्कच्या दोन साटा वायरी एकत्र करून आठ पिनी बनवणारं जोडकाम आणतात. साटाची एक वायर बाराच्या लाइनला साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट झेपते. दोन मिळून १०८. आठ पिनी मागू शकतात दीडशे. ते कन्व्हर्टर हाती लागलं की काका बोलत नाहीत, कात्री मागवतात. काकूही आता न विचारता देतात.

दुसरी चीड यू-पिनवाल्यांची. सप्लायच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची काळी यू-पिनेने जोडली की पंखा फिरतो. तेवढ्यावर 'टेस्टेड ओके' म्हणून सप्लाय विकणारे दुकानदार आहेत. काकांचं म्हणणं, पंखा फिरला म्हणजे पंखा चांगला आहे. सप्लायबद्दल अजून काही कळलेलं नाही. सप्लाय खरा किती करंट ओढतो ते मोजायला त्यांच्याकडे खास एक्स्टेन्शन बोर्ड आहे, ज्याच्या केबलचं वरचं आवरण वीतभर सोलून फेजची वायर बाजूला काढलीय. दोन्ही वायरी एकत्र चिमट्यात धरल्या तर टाँग टेस्टर शून्य दाखवतो, कारण जाणारा करंट आणि येणारा करंट एकमेकांना खाऊन टाकतात. हे ते प्रत्येकाला नव्याने समजावतात, आणि समजलेल्यालाही पुन्हा समजावतात. एकदा पॉवर फॅक्टरवर घसरले की चहा गार होतो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी यामुळे त्यांच्या मजल्यावर जाणंच सोडलंय.

पण पोरांच्या लक्षात राहतो तो दिवे घाट. दर वर्षी दोन्ही पालख्या पुण्यातून हडपसरला येतात. तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते, माउलींची सासवडकडे. "सपाटीला माउलींचा रथ एक बैलजोडी ओढते," काका सांगतात, "पण दिवे घाट लागला की जादा जोड्या जुंपतात. तुझा सप्लाय सपाटीवर मोजू नकोस, घाटात मोज. गेममध्ये स्फोट झाला की कार्ड एका झटक्यात जास्त ओढतं. चांगला सप्लाय असेल तर झेपलं नाही की बंद पडेल, उद्या परत चालेल. डबा असेल तर जाताना मदरबोर्डाला घेऊन जाईल."

पोरगं खचतं. मग हेच काका त्याच्यासोबत बसने शहरात तापकीर गल्लीत जातात, दुकानात आठ-दहा सप्लाय तोलतात, काउंटरवरच्या मुलाला बारा व्होल्टवरून घाम फोडतात आणि ६५० वॅटचा भरभक्कम सप्लाय घ्यायला लावतात. पुढे-मागे उपयोगी पडेल, जागा राहू दे, म्हणतात. कार्डाएवढेच पैसे सप्लायला जातात. घरी तोही 'प्रोजेक्ट'मध्येच बसतो.

आणि जागा राहिली की ती भरावीशी वाटतेच. वर्षभराने तोच पोरगा दारात. सॅकमध्ये या वेळी आरटीएक्स ३०८०. काका पत्रिका शोधायला उठतात, तर हा स्वतःच हिशेब करून आलेला.

"कार्डाचे तीनशे वीस, प्रोसेसरचे पासष्ट, किरकोळ पन्नास धरा. चारशे पस्तीस. आपला साडेसहाशेचा आहे."

"कंपनी साडेसातशे सांगते याला."

"कंपनीच्या आकड्यावर जाऊ नकोस, असं तुम्हीच म्हणालेलात."

आतल्या खोलीतून काकूंच्या हसण्याचा आवाज येतो. काका कार्ड हातात घेतात, तोलतात. भरपूर जड आहे. तिथेही बोलायला जागा नाही. टाँग टेस्टर उघड-मीट करून झाल्यावर त्यांना सापडतं.

"अरे, माउलींना घाट वर्षातून एकदा लागतो. हे कार्ड मिनिटाला दहादा घाट चढतं, आणि चढताना तुझ्या तीनशे वीसच्या कितीतरी वर उडी मारतं."

"मग जादा बैल कुठे मिळतील, काका?"

"तापकीर गल्लीत. पण एकटा जाऊ नकोस, थांब, शर्ट घालून येतो."