सोबतीला कुणीतरी हवं

सामोआच्या खेड्यात स्वयंसेवक म्हणून शिकवायला येणाऱ्याने छत्री आणावी, डासांचं मलम आणावं, वाचायला चार पुस्तकं आणावीत. एकांताची सवय तेवढी घरी ठेवून यावी. तिचे लाड इथे कुणी करत नाही.

मुळात इथल्या पारंपरिक घराला, म्हणजे फालेला, भिंतीच नसतात. जोत्यावर लाकडी खांब आणि वर छप्पर, बस्स. पाऊस आला की माडाच्या झावळ्यांचे विणलेले पडदे सोडायचे, थांबला की पुन्हा वर ओढायचे. आता दारं-खिडक्यांची सिमेंटची घरंही भरपूर झाली आहेत आणि मला तशा एका घरात खोली मिळाली आहे. पण माणसं बसतात, गप्पा मारतात आणि दुपारची लवंडतात ती फालेतच. चाळीत वाढलेल्याला हे ओळखीचं वाटेल; फक्त चाळीत निदान दार लोटून घेता यायचं.

तसं एका दुपारी मी खोलीचं दार लोटून घेतलं आणि पुस्तक उघडलं. थोड्याच वेळात आठेक वर्षांची एक मुलगी आत आली आणि चटईवर मांडी घालून बसली.

"काय गं?"

"काही नाही. आईने पाठवलं. तुम्ही एकट्या आहात ना!"

ती माझ्याकडे बघत राहिली, मी पुस्तकाकडे. शेवटी तिचा चिवटपणा जिंकला आणि मी मोठ्याने वाचायला लागले. दुसऱ्या दिवशी ती धाकट्या भावंडांना घेऊन आली, मग शेजारची आली. माझा इंग्रजी वाचनाचा सर्वांत चांगला वर्ग शाळेत भरत नाही, माझ्या वामकुक्षीच्या वेळेला भरतो.

शाळेतला वर्ग त्या मानाने फारच शिस्तीचा. बसलेल्या माणसासमोरून ताठ मानेने जायचं नाही. कमरेत वाकून, "तुलोऊ" म्हणत जायचं, हे मुलांच्या अंगात मुरलेलं आहे. त्यामुळे मी खुर्चीत बसले असले की पेन्सिलीला टोक काढायला जाणारा वाकून जातो आणि वाकूनच परत येतो. बरोबर दोन सोबती असतात, तेही वाकून. पेन्सिल मात्र एकच असते.

संध्याकाळी शंख किंवा घंटा वाजते. ही 'सा'ची, म्हणजे घरोघरच्या प्रार्थनेची वेळ. लुंगीसारखा लावालावा नेसलेले गावचे तरुण रस्त्याच्या कडेला उभे राहतात आणि त्या वेळी कुणी भटकणार नाही याकडे लक्ष देतात. गावातल्या मताईंची, म्हणजे कुटुंबप्रमुखांची सभा नियम मोडणाऱ्याला दंड करू शकते. तो डुकरांच्या रूपातही भरावा लागतो. माझ्याकडे डुक्कर नाही, त्यामुळे मी वेळेत घरी असते. एकटीने सूर्यास्त बघावा अशी हौस असेल, तर नेमकी तीच वेळ गावाने प्रार्थनेला दिलेली आहे.

रविवारी चर्चनंतर मोठं जेवण. पहाटेच उमूत, म्हणजे तापलेल्या दगडांच्या भट्टीत, नीरफणस, अळकुड्या आणि नारळाच्या घट्ट रसातली अळूची कोवळी पानं शिजत घातलेली असतात. या पानांना पालुसामी म्हणतात. आधी पाहुणे आणि वडीलधारी जेवतात. घरातलं एखादं पोर शेजारी बसून विणलेल्या पंख्याने माश्या वारतं. आपल्याला घरून शिकवण असते, पानात काही टाकू नये. इथे ती गुंडाळून ठेवावी लागते, कारण पाहुण्यापुढचं जे उरेल ते मागच्या पंगतीला जातं. वारा घालणाऱ्या पोराची नजर माझ्यापुढच्या शेवटच्या पालुसामीवर असते आणि पंख्याचा वेगही त्याच बेताने कमी-जास्त होतो. मी हात आखडता घेतला की वारा जोरात लागतो.

बसमध्येही तेच. लाकडी बांध्याची रंगीत बस, कानठळ्या बसवणारी गाणी आणि जागा संपल्या की एकमेकांच्या मांडीवर बसायचं. कुणी तक्रार करत नाही, कुणी कपाळाला आठ्या घालत नाही. एखाद्या भरभक्कम बाई मांडीवर स्थानापन्न झाल्या, की खिडकीबाहेर बघत विचारात हरवून जाण्याचा बेत आपोआप रद्द होतो.

कधी कधी वैताग येतो. मग मी २०११ साल आठवते. सामोआ तेव्हा तारीखरेषेच्या अमेरिकेकडच्या बाजूला होता. इथे रविवारची प्रार्थना चालू असायची तेव्हा सिडनी आणि ऑकलंडला सोमवारची कचेरी उघडलेली असायची, आणि इथल्या शुक्रवारी तिकडे शनिवारची सुट्टी. व्यापार तर सगळा त्या शेजाऱ्यांशी वाढलेला. मग देशाने सरळ रेषेपलीकडे उडी मारली: २९ डिसेंबरच्या गुरुवारनंतर एकदम ३१ चा शनिवार उजाडला, मधला शुक्रवार आलाच नाही.

शेजाऱ्यांच्या पंगतीला बसता यावं म्हणून ज्यांनी अख्खा दिवस सोडून दिला, त्यांच्यापुढे माझ्या एका दुपारची तक्रार मी कोणत्या तोंडाने करू?