एकविसावा तास

ब्रिटनच्या गृहखात्याला गणिताची फार आवड. पदवीचं किंवा पदव्युत्तर शिक्षण घ्यायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्याने सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करायचं नाही, असा तिथला नियम आहे. आठवडा म्हणजे सोमवार ते रविवार. मागच्या आठवड्यात सहाच तास मिळाले म्हणून या आठवड्यात चोवीस भरले, ही सरासरी तिथे चालत नाही. एकविसावा तास लागला की नियमभंग, आणि नियमभंग झाला की व्हिसाच जाऊ शकतो. त्या एका तासावर जेवढी करडी नजर असते, तेवढी आपल्याकडे दहावीच्या गणिताच्या पेपरावरही नसते.

पहिल्या तासाकडे मात्र कुणाचंच लक्ष नाही.

कारण विद्यार्थ्याच्या हाती पडते ती बऱ्याचदा ‘झिरो अवर्स’ नावाची नोकरी. करार असतो, गणवेश असतो, छातीवर नावाची पट्टी असते. फक्त कामाचे तास शून्य असतात. लागलं तर बोलावू, बोलावलं तर ये, आलास त्या तासांचे पैसे ने. ब्रिटनमध्ये असे दहा लाखांहून जास्त लोक आहेत आणि त्यांत तरुणांचा भरणा मोठा आहे. पब, कॉफीची दुकानं, गोदामं, वृद्धाश्रम, फुटबॉलच्या मैदानावरचे खाण्याचे ठेले, सगळीकडे हीच रीत. कागदावर या करारात समता ओसंडून वाहते: मालक काम न द्यायला मोकळा, कामगार ते न घ्यायला मोकळा. मात्र कामगाराने हा मोकळेपणा दोनदा वापरला की तिसऱ्या वेळी फोन वाजत नाही, एवढा एक बारीक फरक.

शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच येतं, हे ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये लिहून ठेवलं होतं. त्याचा असा उपयोग होईल, हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल. एप्रिल २०२५ पासूनच्या वर्षात २१ किंवा त्याहून जास्त वयाच्या कामगाराला तिथे तासाला किमान १२ पौंड २१ पेनी द्यावेच लागत. एका पेनीचीही हयगय नाही. दर पक्का, गुणाकारही पक्का. फक्त कशाने गुणायचं ते रविवारी रात्री मॅनेजर ठरवतो.

आता आपण एका चिरंजीवांची कल्पना करू. नाव नको, कारण असे चिरंजीव निम्म्या सोसायट्यांत सापडतील. फ्लॅट तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढलेलं. लंडनसाठी व्हिसा काढताना दरमहा १,४८३ पौंड, असे नऊ महिन्यांचे १३,३४७ पौंड, म्हणजे सुमारे पंधरा लाख रुपये, शिकवणी शुल्काखेरीज खात्यात दाखवावे लागले. २०२५ च्या सुरुवातीचा हा आकडा. पुढे तो वाढलाच. ‘तिथे पार्टटाइम करून कमावणार आहे’ हे उत्तर त्या हिशेबात चालत नाही. गृहखातं या कमाईला कमाई मानत नाही. आमच्याकडचे सल्लागार मात्र तिच्यावरच आख्खा चर्चासत्राचा हॉल भरवतात: “काका, राहण्या-खाण्याचं तो स्वतःच बघेल!”

काकांनी कागद-पेन्सिल घेतली असती तर? त्या दराने पूर्ण वीस तास मिळाले, तर आठवड्याचे २४४ पौंड २० पेनी. चार आठवड्यांचे ९७७ च्या आसपास. म्हणजे एकही शिफ्ट न बुडता, एकदाही आजारी न पडता, गृहखात्यानेच ठरवलेल्या मासिक खर्चात चारशे-पाचशे पौंडांची खोट. आणि हा झाला पूर्ण वीस तासांचा हिशेब. नाताळात वीस मिळतात. जानेवारीत गिऱ्हाईक ओसरलं की त्याचे चार होतात. कर्जाच्या हप्त्याला मात्र जानेवारी-डिसेंबर कळत नाही.

काकांची चूक तशी समजण्यासारखी आहे. ‘शिकता शिकता काम’ म्हटलं की महाराष्ट्राला कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उघडलं तेच ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. तिथल्या पोराला घाम गाळावा लागे, पण आज काम आहे की नाही हे पाहायला उशाशी फोन घेऊन झोपावं लागत नसे. लंडनमध्ये ‘कमवा’ आणि ‘शिका’ यांच्यामध्ये ‘बोलावलं तर’ घुसलेलं आहे.

हे बोलावणं येतं ॲपवर; तिथल्या शिफ्टच्या वेळापत्रकाला रोटा म्हणतात. सकाळी नऊचं व्याख्यान सोडून चिरंजीव दोन बस बदलून कामावर पोचतात, तोवर संदेश आलेला असतो: आज गर्दी नाही, शिफ्ट रद्द. बसभाडं त्यांचं, व्याख्यानही त्यांचंच बुडालेलं. मग अन्न पोचवायची सायकल हाणावी, तर तेही नाही. विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे आणि ते काम स्वयंरोजगारात मोडतं. पुण्यात निदान ही सोय आहे. पेठेतल्या अभ्यासिकेतून उठून स्पर्धा परीक्षेवाला पोरगा पाठीला पिशवी लावतो आणि कंपनी त्याला कामगार न म्हणता थेट ‘पार्टनर’ म्हणते. नफ्यातला नव्हे, पावसातला.

इंग्रजांनी या करारात सुधारणा केल्या नाहीत असं नाही. पूर्वी काही मालक ‘आम्ही तास देणार नाही, आणि दुसरीकडेही काम करायचं नाही’ अशी अट घालत. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, ही म्हण इंग्रजी करारपत्रात त्यांनी शब्दशः उतरवली होती. ही अट २०१५ मध्ये कायद्याने रद्द झाली. आता एका माणसाला एका वेळी दोन-तीन ठिकाणी शून्य तासांची नोकरी करता येते. न्यूझीलंडने २०१६ मध्ये या करारांना चाप लावला, आयर्लंडने २०१९ मध्ये. ब्रिटनच्या मजूर पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात ‘शोषण करणाऱ्या’ शून्य-तास करारांवर बंदीचं वचन दिलं. विशेषणं जाहीरनाम्यात उगाच येत नाहीत. डिसेंबर २०२५ मध्ये कायदा झाला, त्यात बंदी नाही; हमीच्या तासांचा प्रस्ताव मिळण्याचा हक्क, शिफ्टची वाजवी आगाऊ सूचना आणि ऐनवेळी रद्द झालेल्या शिफ्टची भरपाई आहे. या तरतुदी लागू व्हायच्या आहेत २०२७ मध्ये. चिरंजीवांचा एम.एस्सी.चा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे.

तोवर हॉटेलधंद्यातले लोक सांगतात की विद्यार्थ्यांना लवचिकता हवी असते. ते खोटं नाही. परीक्षेच्या आठवड्यात सुटी घेता यावी, असं कुणाला वाटत नाही? पण लवचिकतेत वाकायचं कुणी, हे एकदा ठरलं की ती योगासनासारखी होते. शिक्षक फक्त सूचना देतो.

गंमत म्हणजे हमीच्या तासांची मागणी तिथे जुनीच आहे. १८८९ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या गोदी कामगारांनी संप केला. तेव्हा रोज सकाळी गोदीच्या दाराशी माणसांचा घोळका जमायचा, मुकादम हवे तेवढे निवडायचा आणि तासा-दोन तासांनी त्यातल्या बऱ्याच जणांना परतही पाठवायचा. संपकऱ्यांनी तासाला सहा पेनी मागितले, आणि एकदा आत घेतलं की किमान चार तासांचं काम. ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी त्यांना तीस हजार पौंडांहून जास्त मदत पाठवली. सुमारे पाच आठवड्यांनी सहा पेनींचा दर पदरात पडला. आजच्या ऑस्ट्रेलियात, जाता जाता सांगायचं तर, परदेशी विद्यार्थ्याला पंधरवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. वरची. खालची तिथेही नाही.

रविवारी चिरंजीवांचा व्हिडिओ कॉल येतो. आई जेवणाचं विचारते, बाबा हवामानाचं. आठवडाभर काम नव्हतं हे चिरंजीव ‘अभ्यासाला वेळ मिळाला’ अशा भाषेत सांगतात आणि बाबांना ते पटतं. मागे खाटेवर आजोबा असतात. परळच्या गिरणीत साळखात्यात होते. त्याआधी काही वर्षं बदली कामगार. भोंगा व्हायच्या आत फाटकाशी हजर व्हायचं, कुणी गैरहजर असेल तर आत, नसेल तर चहा पिऊन घरी.

“तुला सकाळी फाटकाशी उभं राहायला लागतं का रे?” आजोबा विचारतात.

“नाही आजोबा, फोनवर येतं. घरीच थांबायचं.”

“मग चहाचे पैसे वाचतात,” आजोबा म्हणतात आणि कुशीवर वळतात.