व्वा व्हेर्त : नवशिक्या सायकलस्वारांसाठी संपूर्ण मार्गदर्शन

अभिनंदन. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्याची गाडी कण्हत-कुंथत बाजूला सारून स्वतःची स्कूटर बाहेर काढताना तुम्हाला साक्षात्कार झाला, की आपल्याला सायकल चालवायची आहे. इथे नव्हे, फ्रान्समध्ये, खेड्यापाड्यांतून, जिथे मोटारींना बंदी आहे अशा रस्त्यावर. पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणत आणि त्यातली एक सायकल तुमची होती. ती भंगारवाल्याला देऊन तुम्ही पहिली स्कूटर घेतलीत. त्याबद्दल मन खाऊ देऊ नका. तेच सुख आता सात हजार किलोमीटरवर मिळतं, एवढाच फरक. खालच्या सूचना क्रमाने पाळा.

१. आधी वाट निवडा. मोटारींना मज्जाव असलेल्या या रस्त्यांना फ्रेंचमध्ये ‘व्वा व्हेर्त’ म्हणतात, म्हणजे हिरवी वाट. नावातच दाद आहे, त्यामुळे तिथे पोचण्याआधीच आनंद व्यक्त करून मोकळं होता येतं. या वाटेवर पायी जाणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार एवढ्यांनाच प्रवेश. अशी देशातली पहिली वाट १९९७ साली बर्गंडीत झाली. जिव्री ते क्ल्युनी, ४४ किलोमीटर, एका बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर. तुम्ही हीच घ्या. आगगाडीला चढ सोसत नसे, म्हणून रूळ टाकणाऱ्यांनी तो येऊ दिला नाही. तुमची प्रकृतीही आगगाडीसारखीच आहे.

मिदी कालव्याचा मोह टाळा. सतराव्या शतकात पिएर-पॉल रिके नावाच्या गृहस्थाने तो तुलूजपासून भूमध्य समुद्रापर्यंत खणला आणि कालवा खुला व्हायला काही महिने उरले असताना तो वारला. नाव घेतलं तरी भारदस्त वाटतं, हे खरं. पण तुलूजनंतर पन्नासएक किलोमीटर गुळगुळीत रस्ता गेला, की पुढे मातीची पायवाट, झाडांची वर आलेली मुळं आणि खड्डे. खड्ड्यांसाठी कोणी व्हिसा काढतं का?

२. कागदपत्रं जमवा. कात्रजच्या घाटात सायकल न्यायला काही लागत नाही, म्हणूनच तिथे कोणी जात नाही. इथे शेंगेन व्हिसा लागतो, बँकेचे उतारे लागतात, मुक्कामांची यादी लागते आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. या टप्प्यावर माणूस निम्मा दमतो. सहलीतला सगळ्यात मोठा चढ हाच.

३. आता वाहनांची जुळवाजुळव करा. वाहतूकमुक्त सहलीला वाहनं भरपूर लागतात. मुंबईपर्यंत टॅक्सी, पॅरिसपर्यंत विमान, तिथून आगगाडी, स्टेशनापासून गावापर्यंत पुन्हा टॅक्सी. शिवाय रोज सकाळी तुमच्या बॅगा पुढच्या मुक्कामी पोचवणारी व्हॅन हवीच. ती बिचारी शेजारच्या मोटाररस्त्याने जाते आणि तुम्ही न्याहारीच्या टेबलावरून उठेपर्यंत बॅगा पुढच्या खोलीत ठेवून परत आलेली असते. तिच्या ड्रायव्हरला हात करा. तुमचं निसर्गाशी एकरूप होणं त्याच्याच डिझेलवर चाललेलं आहे.

४. सायकल बॅटरीची घ्या. लाजू नका. सपाट रस्त्यावर मोटर कशाला, असं कोणी विचारलं तर इतिहास काढा. तूर द फ्रान्समध्ये चालू सायकलवर गिअर बदलण्याचं यंत्र १९३७पर्यंत वापरूच देत नसत. तेव्हाही कर्मठ लोक म्हणत असणार, की ही फसवणूक आहे. तुम्ही फक्त काळाच्या थोडे पुढे आहात. गादी शिवलेली चड्डी मात्र घ्या आणि ती घातल्यावर आरशासमोर जाऊ नका.

५. रोजचं अंतर ठरवा. ४४ किलोमीटर तिथला तरुण सकाळी निघून दुपारच्या जेवणाआधी संपवतो. तुम्ही चार दिवस घ्या. दिवसाला अकरा किलोमीटर हे ऐकायला कमी वाटतं, म्हणून फोनवर घरी सांगताना ‘चार दिवसांचा सायकल दौरा’ असंच म्हणा. हडपसरहून हिंजवडीला जाऊन-येऊन याहून जास्त भरतं आणि ते काही जण रोज करतात, हा विषय कोणी काढलाच तर रेंज गेली म्हणून फोन ठेवा.

६. गुरू करा. या क्षेत्रातले आद्यगुरू पॉल द विव्ही, टोपणनाव व्हेलोसिओ, मुक्काम सेंतेतिएन. सायकल पर्यटनाचा फ्रान्सभर प्रसार यांनी केला आणि सायकलस्वारांसाठी सात आज्ञा घालून दिल्या. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, थकण्याआधी थांबा, या आज्ञा आपल्या मंडळींना शिकवाव्या लागत नाहीत. निदान प्रवासात तरी मांस, मद्य आणि तंबाखू टाळा, ही आज्ञा बर्गंडीत पाळायची म्हणजे पंढरपुरात विठोबाला न भेटता परत येण्यासारखं आहे. आणि केवळ दिमाखासाठी पायडल मारू नका, असंही ते म्हणत. ती आज्ञा वाचल्यासारखी करा आणि पान उलटा. हयातभर सायकल चालवलेले हे गृहस्थ १९३० साली, सायकल हातात धरून पायी जात असताना, ट्रामची धडक बसून गेले. वाहतूकमुक्त रस्त्याची कल्पना काही उगाच सुचलेली नाही.

७. ‘बोंझूर’ म्हणा. आधी बोंझूर, मग पाव. आधी बोंझूर, मग पंक्चर. दुकानात शिरून थेट ‘पाणी आहे का?’ असं विचारलंत तर तुम्ही पाणी मागितलंच नाही असं समजलं जाईल. हा प्रकार पुणेकराला परका वाटायला नको. आपल्याकडे दुकानदाराची कृपादृष्टी वळेपर्यंत थांबण्याची सवय असतेच. तिथे फक्त शब्द ठरलेला आहे. पाणी संपलं आणि दुकान दिसत नसेल तर गावची दफनभूमी शोधा. फुलझाडांसाठी तिथे नळ असतो. पिण्याजोगं नाही अशी पाटी नाही ना, तेवढं पाहा आणि आजूबाजूच्या मंडळींनाही बोंझूर म्हणा.

८. जेवणाचा विचार सोडा. गावातली दुकानं बाराला बंद होतात आणि दोननंतर मनात आलं तर उघडतात. रविवारी दुपारनंतर सगळं बंद आणि सोमवारी बेकरीची सुट्टी, कारण ती रविवारी सकाळी उघडी होती. खानावळीत सव्वादोनला पोचलात तर स्वयंपाकघर आवरलेलं असेल आणि तुमच्याकडे अशा नजरेने पाहतील, की आपणच काही गुन्हा केला असं वाटावं. एक ते चार बंदची पाटी वाचत ज्याची हयात गेली, त्याला तक्रार करायला तोंड नाही. शाकाहारी असाल तर वेळेत पोचल्यावरही ऑम्लेटच मिळेल. तेही खात नसाल तर हिरवी पानं. उरलेल्यांना गोगलगायी.

जूनमध्ये जाणार असाल आणि संकष्टी करत असाल तर आणखी एक सूचना. तिथे सूर्यच साडेनऊला मावळतो. चंद्रोदय मध्यरात्रीच्या सुमारास. मोदक कोण देणार, हा प्रश्न त्यानंतरचा.

९. फोटो काढा. वाट सुरू होते त्या जिव्रीच्या शेजारी शालाँ हे गाव आहे. निसेफोर निएप्स तिथलेच. १८२६-२७च्या सुमारास त्यांनी आपल्या खिडकीतून दिसणारी छपरं धातूच्या पत्र्यावर उमटवली आणि त्या एका चित्राला कित्येक तास ऊन द्यावं लागलं. त्यात एकही माणूस नाही. ही चूक तुम्ही दुरुस्त करा. पांढऱ्या शारोले गायी, द्राक्षमळा, जुनं स्टेशन, काहीही असो, पुढे तुम्ही हेल्मेट घालून उभे. एक किलोमीटरला वीस फोटो पडले तर अकरा किलोमीटरला पूर्ण दिवस का लागतो, हेही आपोआप उलगडतं.

१०. मोटार थांबली तर घाबरू नका. अधूनमधून मोटाररस्ता आडवा येतो. तुम्ही कडेला उभे असताना एखादा ड्रायव्हर गाडी थांबवून तुम्हाला आधी जायची खूण करील. तुमचा विश्वास बसणार नाही. तुम्ही त्याला हात करून ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणाल, तो पुन्हा तुम्हाला. असे प्रसंग पाच-पाच मिनिटं चाललेले आहेत. मागे दुसरी गाडी येऊन उभी राहील. तीही हॉर्न वाजवणार नाही, आणि नेमकं तेव्हाच तुम्हाला घरची फार आठवण येईल.

११. त्यावर उपाय बोगदा. क्ल्युनीच्या पुढे माकोंकडे जाताना ब्वा-क्लेर नावाचा १.६ किलोमीटरचा जुना रेल्वे बोगदा लागतो. हिवाळ्यात वटवाघळांच्या झोपेसाठी तो बंद ठेवतात, म्हणजे फ्रान्समध्ये पाटी लावून झोपण्याचा हक्क त्यांनाही आहे. उन्हाळ्यात जा. आत शिरलात की घंटी वाजवा. एका घंटीच्या दहा होतात आणि डोळे मिटले तर लक्ष्मी रोड. अशात समोरून अंधारातून आवाज येतो, ‘अहो, साइड द्या की जरा!’ दचकू नका. दुसरा मराठी गट आहे. तेही डावीकडून येत आहेत, तुम्हीही डावीकडून निघाला आहात, त्यामुळे दोन्ही बाजू बिनबोभाट पार होतात. मध्ये एक फ्रेंच गृहस्थ भिंतीला चिकटून उभा असेल. तो उजवीकडून चालला होता. त्याला बोंझूर म्हणा.