बाय-टू इतिहास

बंगळूरच्या हॉटेलात दोघांत एक कॉफी मागितली तर वेटर तोंड वाकडं करत नाही. नुसतं ‘बाय-टू’ म्हणायचं, की एकाच कॉफीचे दोन अर्धे कप समोर येतात. परवाच्या शनिवारी आमच्या कंपनीने इतिहासही याच हिशेबाने मागवला. मेलवर लिहिलं होतं ‘हेरिटेज वॉक अँड लंच’. आम्ही बावीस जण. इतिहास प्रत्येकाच्या वाट्याला घोटभर आला, डोसा मात्र अख्खा.

सुरुवात अर्थातच खाण्यापासून. गांधी बझारातल्या विद्यार्थी भवनात (स्थापना १९४३) वेटर डोशांच्या बशांची उतरंड हातावर तोलत येतो. दिवसभरात टीमने काढलेल्या फोटोंपैकी निम्मे या उतरंडीचे आहेत. उरलेल्या निम्म्यांत आम्ही आहोत आणि आमच्या मागे काहीतरी जुनं आहे.

लालबागेतला खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा. त्याच्या माथ्यावर शहर वसवणाऱ्या केंपेगौडांच्या नावाचा बुरूज आहे. असे चार बुरूज चार दिशांना असून शहराची हद्द तिथे संपावी अशी कल्पना होती, म्हणे. आमचं ऑफिस व्हाइटफील्डला. म्हणजे नोकरी हद्दीबाहेर आणि ट्रॅफिक हद्दीतला. त्या ३०० कोटी वर्षांच्या दगडावर बूड टेकून आमच्या मॅनेजरने मला विचारलं, “सोमवारपर्यंत होऊन जाईल ना?”

मग किल्ला. म्हणजे त्याचं जे काही उरलंय ते. १७९१ साली कॉर्नवॉलिसने ७ मार्चला पेठ घेतली आणि २१ मार्चला किल्ला. पेठेतून किल्ल्यात पोचायला साहेबाला चौदा दिवस लागले. मार्केटच्या सिग्नलला आमची बस ज्या बेताने सरकत होती ते पाहता तो फार रेंगाळला असं मला वाटत नाही. टिपूविरुद्धच्या त्या युद्धात पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, ही माहिती मी बसमध्ये कुणाला दिली नाही. टिपूच्या महालात सागवानी खांब मोजके पाहिले, खांबांना टेकून उभे राहिलेले सहकारीच जास्त.

चिकपेठेत मात्र माझी छाती दोन इंच फुगली. परमुलखात मराठी माणसाची ती फुगतेच. मी सुरू केलं: १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे शहर जिंकलं, ते शहाजीराजांना जहागिरीत मिळालं, राजे इथेच गौरीमहालात राहायचे.

“कुठेय महाल?” कानपूरच्या सहकाऱ्याने विचारलं.

“इथेच कुठेतरी,” असं म्हणत मी हवेत हात फिरवला. तो नेमका एका साडीच्या दुकानाच्या दिशेने थांबला. ‘बन्नी, बन्नी’ करत दुकानदाराने सगळ्यांना आत घेतलं. महाल सापडला नाही. तीन साड्यांची खरेदी झाली. शहाजीराजांच्या नावाने तेवढीच उलाढाल.

लंचची वेळ बसमध्येच टळली. मल्लेश्वरमला उतरताच मंडळी सीटीआरच्या बेण्णे डोशाच्या रांगेत धावली आणि मी एकटा काडू मल्लेश्वराकडे. तिथे १६६९ चा शिलालेख आहे, शहाजीराजांचे चिरंजीव व्यंकोजीराजे यांनी देवळाला एक गाव इनाम दिल्याचा. अभिमानाने ऊर भरून येणार, तेवढ्यात फोन आला: “टेबल मिळतंय, पळ!” पळालो. लोणी थिजलं तर डोशात काय राम?

डोसा खाताखाता कोलकात्याच्या मुलीने साळसूदपणे विचारलं, “एवढं तुमचं होतं, तर गेलं कसं?”

विकलं. दुसरं काय सांगणार? तंजावरला बसून बंगळूर सांभाळणं व्यंकोजीराजांना परवडेना, म्हणून म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांशी तीन लाख रुपयांत सौदा ठरला. तो पुरा होण्याआधीच, १६८७ च्या जुलैत, औरंगजेबाचा सरदार कासिमखान मध्ये घुसला. त्याने शहर घेतलं आणि तेवढ्याच रकमेला वोडेयरांच्या हवाली केलं. बंगळूरच्या नोंदलेल्या इतिहासातला हा पहिला ब्रोकर म्हणायला हरकत नाही.

टेबलावर सगळे हळहळले. तीन लाखांत अख्खं शहर! कानपूरवाल्याने तर ईएमआयचा हिशेबही मांडायला घेतला. मी गप्प राहिलो. माझ्या दोन खोल्यांचं भाडं तीस हजार, आणि इथल्या रिवाजाप्रमाणे डिपॉझिट दहा महिन्यांचं. म्हणजे बरोबर तीन लाख घरमालकाकडे पडून आहेत. घर सोडताना रंगकामाचा एक महिना कापून परत मिळतील. ब्रोकरने त्याचा महिना आधीच नेलाय.