गटलक्षण

समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात, कुंभार पिंपळगावच्या शेजारात येते. १६०८ साली तेथे जन्मलेल्या या ग्रंथकाराने दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षण आणि पढतमूर्खलक्षण असे दोन समास खर्ची घालून माणसाच्या वेडेपणाची जी तपशीलवार वर्गवारी केली, तिच्याबाहेर काही शिल्लक राहिले असेल असे पुढील साडेतीनशे वर्षे कोणालाही वाटले नाही. तथापि साठी ओलांडलेल्या वर्गमित्रांचा व्हॉट्सअ‍ॅप गट ही संस्था त्या काळी अस्तित्वात नसल्यामुळे तिची लक्षणे नोंदवायची राहून गेली, आणि ती उणीव भरून काढण्याची जबाबदारी नाइलाजाने वृत्तपत्रीय सदरांवर येऊन पडली आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट केली पाहिजे. एका शाळेत, शक्यतो एका तुकडीत शिकलेल्या आणि नोकरीधंद्यापायी पांगलेल्या मंडळींनी निवृत्तीनंतर फोनवर पुन्हा भरवलेला वर्ग म्हणजे स्मृतिगट होय. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट जवळजवळ फुकट झाल्यावर या संस्थेचा खरा प्रसार झाला. आठवणी तोवरही होत्याच, फक्त त्या परवडत नव्हत्या. कुंभार पिंपळगावसारख्या बाजारगावातून निघालेल्या कोणत्याही स्मृतिगटात सदस्यांचे दोन वर्ग आढळतात. पहिला ‘बाहेरच्यांचा’, म्हणजे संभाजीनगरला किंवा पुण्याला फ्लॅट घेऊन स्थिरावलेल्यांचा, आणि दुसरा ‘गावच्यांचा’, म्हणजे जे गेले नाहीत किंवा ज्यांना जाता आले नाही त्यांचा. बाहेरचे गावाविषयी लिहितात आणि गावचे ते वाचतात. क्वचित एखादा गावचा सदस्य “लाइट नाही, नंतर बोलतो” एवढेच लिहून चर्चेत वर्तमानकाळाचा अनावश्यक शिरकाव करतो. दररोज काहीतरी लिहावे आणि अखंड वाचावे असा उपदेश समर्थांच्या नावावर आहे. गटाने त्यातील लिहिण्याचा भाग मनावर घेतला आणि वाचण्याचा भाग गावच्यांकडे सोपवला, असे म्हणता येईल.

गटांतर्गत प्रतिष्ठेचा पहिला निकष शैक्षणिक आहे. १९७५ च्या सुमारास महाराष्ट्रात जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची शालान्त परीक्षा आली, आणि त्या सांध्यावर शिकलेल्या पिढीत ‘जुने मॅट्रिक’ व ‘नवे दहावी’ असा भेद आजतागायत पाळला जातो. जुने मॅट्रिकवाले आपल्या वेळचे गणित खरे गणित होते असे मानतात आणि ते सिद्ध करण्यासाठी नातवाच्या गृहपाठाचा फोटो गटात टाकतात. त्याचे उत्तर मात्र अद्याप कोणीही टाकलेले नाही.

दुसरा वाद पत्त्याचा. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, १९६० पर्यंत द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि त्यानंतर महाराष्ट्रात असा या मुलखाचा प्रवास झाला. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला आणि पुढे अंबड तालुक्याचे विभाजन होऊन घनसावंगी तालुका झाला. माणसाने जागेवरून न हलता पत्ता बदलावा अशी ही दुर्मीळ सोय असल्याने, आपण मूळचे कुठले या प्रश्नावर स्मृतिगटात तीन उत्तरे येतात आणि तिन्ही बरोबर असल्यामुळे वाद मिटत नाही. २०२३ मध्ये औरंगाबादचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाल्यावर तर या शाखेला नवे अभ्यासक मिळाले.

गटाचा कारभार ‘अ‍ॅडमिन’ पाहतो. सदस्य घेण्याचा आणि काढून टाकण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, तो अ‍ॅडमिन. त्याची निवडणूक होत नाही, मुदत संपत नाही आणि त्याच्यावर अविश्वास ठरावही आणता येत नाही, म्हणून गावचे माजी सरपंच या पदाकडे हेव्याने पाहतात. राजकारणाचा संदेश टाकला म्हणून सदस्याला काढून टाकणे हे वाळीत टाकण्याचेच आधुनिक रूप आहे, परंतु २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्यात त्याचा उल्लेख नसल्याने पीडिताला पोलीस ठाण्याऐवजी अ‍ॅडमिनच्या बायकोच्या भावाला फोन करावा लागतो.

आता मुख्य विषय, म्हणजे प्रत्यक्ष स्मरणाची पद्धत. समजा, एका सदस्याने पहाटे रहाटाच्या आडाचा, म्हणजे चाकावरून दोर सोडून पाणी शेंदायच्या विहिरीचा, फोटो टाकला. अशा वेळी चर्चा साधारणपणे पुढील वळणाने जाते. “नाना, हा आपल्या वेशीजवळचाच आड ना?” “व्हय व्हय, तोच! काय पाणी व्हतं राव, साखरेवाणी.” “आता फिल्टरच्या पाण्याला बी ती चव नाही, तात्या.” चाळीस अंगठे आणि अकरा जोडलेले हात उमटून गेल्यावर गावातला एक सदस्य लिहितो, “तो आड बुजवून लई वर्सं झाली, आन् फोटोत मागं उंट हाय.” या संदेशाला उत्तर येत नाही. स्मृतिगटाच्या ज्ञानशास्त्राप्रमाणे उंट हा पुरावा मानला जात नाही.

घराच्या आठवणींचेही तेच. माळवद म्हणजे लाकडी तुळया व किलचनांवर माती पसरून केलेले सपाट छत. त्याखाली उन्हाळ्यात गारवा असे हे खरे आहे, आणि गटात हे सत्य आठवड्यातून दोनदा सांगितले जाते. मृगाआधी त्या माळवदावर पांढरी माती कोणी वाहून टाकली, झडीच्या पावसात गळतीखाली पातेली मांडत रात्र कोणी जागून काढली, हे सांगू शकणाऱ्या बहुतेक बाया असल्याने आणि स्मृतिगटात बाया अभावानेच असल्याने, माळवद कोरडेच राहते. १९७२ च्या दुष्काळाचे रूपांतर याहून विलक्षण आहे. त्या वर्षी रेशनवर आलेला तांबडा मिलो म्हणजे अमेरिकी ज्वारी, दुष्काळी कामांवर खडी फोडणारे मजूर आणि त्यांना मिळणारी सुकडी यांपैकी गटात फक्त सुकडी शिल्लक आहे, आणि तीही तिच्या गोडीसाठी. खडी आपोआप गळून गेली आहे.

सर्वांत लोकप्रिय संदेश मात्र “तेव्हा जातपात नव्हती” हा होय. तो उंच जागेवरून लिहिला जातो आणि त्यातील आडाचे पाणी साखरेसारखे असते. त्या आडावर ज्यांची घागर टेकू दिली जात नसे त्या वस्तीतले दोघे-चौघे वर्गमित्रही गटात असतात, ते संदेश वाचतात, वाचल्याच्या निळ्या खुणा उमटतात आणि उत्तर येत नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, त्यानंतर मराठवाड्यात अनेक ठिकाणी दलित वस्त्या पेटवल्या गेल्या, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. ही सोळा वर्षे म्हणजे नेमकी या पिढीची तरुणपणाची वर्षे. परंतु १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ पाहायला कोणाच्या ओसरीत किती माणसे बसत हे नावानिशी सांगणाऱ्या गटाला १९७८ सालाबद्दल काहीच आठवत नाही. विस्मरण हा वार्धक्याचा दोष समजला जातो; स्मृतिगटात ते निवडून, शुद्धीत आणि एकमताने होते.

या पिढीला आठवणींचा हक्क नाही असे कोणी म्हणणार नाही. बालमित्राने एकेरी हाक मारावी हे सुख निवृत्तीनंतर दुसरीकडे मिळत नाही. आक्षेप आहे तो हिशेबावर. आठवणीतल्या गावाला पाणी भरपूर असते, भांडणे नसतात आणि पट्टी मागायला कोणी येत नाही, म्हणून त्याच्यावर प्रेम करणे स्वस्त पडते. खऱ्या गावाला उन्हाळ्यात टँकर लागतो की नाही, नळयोजनेचे पुढे काय झाले, नवी विहीर कोणत्या वस्तीत खोदायची, हे प्रश्न गटात टाकले की “इथे राजकारण नको” असा शेरा येतो.

हे प्रश्न विचारण्याची जागा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ या कायद्याने आधीच नेमून दिलेली आहे. तिचे नाव ग्रामसभा. ती वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते आणि गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य असतो, त्याला कोणताही अ‍ॅडमिन काढू शकत नाही. मतदानापुरते गावाला येणाऱ्या बाहेरच्यांनाही ही सवलत लागू आहे. सभेच्या गणपूर्तीसाठी, म्हणजे कामकाज सुरू होण्यास लागणाऱ्या किमान उपस्थितीसाठी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसे पुरतात. व्हॉट्सअ‍ॅपने २०२२ पासून एका गटात १०२४ जणांची सोय केली आहे. ग्रामसभेला मात्र गणपूर्तीइतकी माणसे जमली नाहीत म्हणजे ती तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही.